पडद्यावरच्या माणसानं विचारलं तेव्हा

आई, काल टीव्हीवर एक नट गोष्ट मध्येच थांबवून माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "तुम्हीच सांगा, आता मी काय करू?" नातवंडं हसली. मी उठून टीव्ही बंद केला. त्यांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पडद्यावरून कुणी थेट माझ्याशी बोललं की मला अजून भरवसा वाटत नाही, आणि हा संशय मला तूच दिलास.

उंब्रजला तंबूतला सिनेमा आला तेव्हा मी आठ वर्षांची होते. पोलीस मामाच्या मागावर होते, तो आपल्या नदीकाठच्या उसात लपला होता आणि तू रोज खुरप्याच्या बुट्टीत गोणपाटाखाली त्याची भाकरी न्यायचीस. सिनेमाला जायचं तुझ्या मनात नव्हतं. पण सगळी आळी गेली आणि आपणच घरी राहिलो तर लोक काय म्हणतील, म्हणून निघालीस. वाटेत मला बजावलंस, "कुनी काय बी इचारू दे, तुला काय म्हाईत न्हाई."

बायका दोरीच्या अलीकडं, पुरुष पलीकडं बसलेले, शेजारची काकी आपल्याला लागूनच. सिनेमात एक माणूस धान्याच्या कणगीत लपतो. त्याला शोधणारा मिशीवाला हवालदार एकाएकी थांबतो आणि सरळ आपल्याकडं बघतो. "तुम्ही तर बघितलंय. कुठं लपलाय तो?" परका पुरुष टक लावून बघतोय म्हटल्यावर तू तोंडभर पदर ओढलास. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "कणगीत, कणगीत." काकीनं वळून माझ्याकडं बघितलं. तू मला ओढत दुसऱ्या कोपऱ्यात नेलंस, तर तिथंही तो आपल्याकडंच बघत होता. "ह्यो सरकारचा मानूस हाय," तू पुटपुटलीस, "चल घरला."

चौथ्या दिवशी पोलिसांनी ऊस वेढला. मामा तुरुंगातून सुटून आला तो खोकला घेऊनच, आणि वर्षाच्या आत गेला. तू म्हणालीस, "काकीनंच सांगितलं. माझी बुट्टी जड आसती हे तिच्याबिगर कुनाला ठावं?" दोन घरांमधली कुंपणातली वाट तू बाभळीच्या फांद्या टाकून बंद केलीस. संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन दारात आली, तर तू पाठ फिरवून चूल फुंकत राहिलीस. मला फार लाज वाटली, पण मी तोंड उघडलं नाही. मरेपर्यंत तू तिच्याशी बोलली नाहीस.

तुझ्या तेराव्याला काकी आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरी, मी ऐकलं व्हतं गं तवा. पर तुझ्या आईला सांगून तिचा भाऊ माघारी आला आसता व्हय?" अजूनही कधीकधी मला वाटतं, ऐकलं तिनं, तर पोलिसांना सांगितलंही तिनंच असेल. असं वाटलं की माझं मन हलकं होतं, म्हणूनच त्या संशयाचाही मला संशय येतो.

हे पत्र ट्रंकेत तुझ्या लुगड्याखाली ठेवीन. तुझ्या तोंडावर पदर होता आणि तंबूत पोरांचा गलका, म्हणून तुला कळलं नाही. सगळी पोरं "कणगीत" म्हणत होती, तेव्हा मी "उसात" म्हणाले. चांगलं मोठ्यानं, पडद्यावरच्या त्या माणसाला ऐकू जावं एवढं.