मांजरीने ऐकलेली कादंबरी

३ तारीख, सोमवार

माझी खुर्ची पुन्हा मांजरीला! खिडकीपाशी, उन्हात, माझ्या उशीसकट. "आई, उठवू नका हं तिला, विचार करतेय ती" — सूनबाई. विचार! पोट वर करून? गुडघे माझे दुखतात आणि उशी हिला.

लेखिका सून आणली, भोगा. लेखकांना मांजर लागतंच म्हणे. तिच्या ओळखीत एकाची मांजर टाइपरायटरवर झोपते, एकीची लिहिलेल्या कागदांवर व्याली. हे कौतुकाने सांगते! मी विचारलं, "आणि कुत्री पाळणारे?"

"ते फिरायला जातात, आई. लिहितात कधी?"

५ तारीख

मांजर नुसती पाळलेली नाही, परीक्षक आहे! सूनबाई रोज चार वाजता लिहिलेलं प्रकरण तिला मोठ्याने वाचून दाखवते. मांजर बसून राहिली तर ठेवायचं. उठून गेली तर टराटरा फाडायचं. शाळा मी दुसरीत सोडली, पण एवढी अक्कल मलाही आहे.

आज उठून गेली. फाडलं. सूनबाई जेवली नाही.

८ तारीख

चौथं प्रकरणही फाडून टोपलीत गेलं. लेक म्हणाला, "आई, महिनाअखेरीला पुस्तक पोचलं नाही तर प्रकाशक करार मोडणार आहे." पाच वर्षं राबतेय पोरगी. नोकरी सांभाळून, पहाटे उठून. बोटांची शाई भाजी चिरतानाही जात नाही.

९ तारीख

हे पान कुणी वाचलं तर हात मोडीन.

चारला मी दूध तापवते. वास सुटला की मांजर स्वयंपाकघरात हजर. मी तिला साय घालते. रोज. दोन महिने झाले; आधी पाचला, या पाच तारखेपासून चारला. घरात मात्र सांगून ठेवलंय — मला या जनावराचा तिटकारा आहे!

म्हणजे प्रकरणं वाईट नव्हती. साय चांगली होती.

कबूल करू? छे! लेक जन्मभर दात काढेल. टोपलीतले तुकडे तेवढे गुपचूप पिशवीत भरून ठेवलेत.

१० तारीख

दूध तीनलाच तापवलं. मांजरीला नाकापर्यंत साय चारली. चारला तिला उचलून वाचनाच्या खोलीत जाऊन बसले, मांडीवर गच्च धरून.

"आई, तुम्ही इथे?"

"गुडघे शेकतेय. मांजर गरम असते."

प्रकरण पास! लगेच पिशवी पुढे केली. म्हटलं, "हेही चिकटव आणि पुन्हा वाच. त्या दिवसांत हिचं पोट बरं नव्हतं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मला सगळं ठाऊक असतं. वाच तू."

१७ तारीख

चारही परत आली. कादंबरीतली सासू भारी खवट आहे. कुणावरून घेतली ते विचारलं नाही. एवढंच म्हटलं, "ही बाई असं बोलायची नाही. आधी भांडी आपटेल." सूनबाईने मांजरीकडे बघितलं. मग खोडलं आणि भांडी घातली.

२४ तारीख

आज मेलीने रडवलं. मांजर घोरत होती. "आई, काय झालं?" म्हटलं, डोळ्यात केस गेला मांजरीचा. तू थांबू नकोस.

२९ तारीख

पुस्तक गेलं! एक दिवस आधी! सूनबाईने मांजरीचा मुका घेतला. माझ्या हातात रिकामी कपबशी दिली.

पहिल्या पानावर काय छापायचं ते लेकाला वाचून दाखवत होती — "माझ्या मांजरीला, जिने यातला शब्दन् शब्द ऐकला." छान. मी कोण? खुर्ची.

१८ तारीख, पुढचा महिना

मांजर कान खाजवत होती. सूनबाई छापखान्यात गेलेली, म्हणून मीच टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेली. त्याने तिच्या पाठीमागे टाळी वाजवली. मग पत्र्याचा डबा आपटला. मी उडाले. मांजर नाही.

"आजी, ही जन्मापासून ठार बहिरी आहे."

पहिलं पान आज सकाळीच छापून झालंय. कान कसा आहे म्हणून सूनबाईने विचारलं, तर उत्तर त्या डॉक्टरनेच द्यायचं. मी नाही!