जूनमध्ये गेलेला माणूस

१ जून १९९८, सोमवार
पेपरात बातमी. डेला मॅकरॉरी आणि तिचा बँड वीस तारखेला इथे बॅलर्डमध्ये वाजवणार. किती वर्षांनी! ‘जूनमध्ये गेलास’ हे अख्ख्या अमेरिकेला रडवणारं गाणं आमच्याच गोदीजवळच्या एका शेडमध्ये तयार झालं, असं लिहिलंय. ते कुणावर आहे हे डेलाने कधीच सांगितलं नाही, असंही लिहिलंय. तिचा मोठेपणा. एवढी प्रसिद्धी मिळूनही तिने माझं नाव झाकून ठेवलं.
ठराव : या वेळी जायचं. समोर उभं राहून माफी मागायची.

३ जून
स्वतःची उलटतपासणी घेतली. मी उगाच स्वतःला महत्त्व देतोय का? पुरावे पुन्हा पाहिले. गाण्यातला माणूस जूनमध्ये बोटीवर अलास्काला जातो. मी कॉलेजच्या फीसाठी तिकडच्या मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात गेलो, तोही जूनमध्येच. तो निरोप घेत नाही. मीही घेतला नव्हता. त्याचे रबरी बूट तपकिरी, माझेही तपकिरी. एवढं जुळल्यावर नम्रपणा हा खोटेपणाच ठरतो.
आमच्यात तसं उघड काही बोलणं झालं नव्हतं, हे मान्य. मी बँडचे स्पीकर उचलायचो. पण बेलिंगहॅमचा कार्यक्रम करून परतताना ती व्हॅनमध्ये माझ्या खांद्यावर झोपली होती. पार एव्हरेटपर्यंत, चांगली तासभर.

७ जून, रविवार
बहिणीकडे जेवायला. कुणाला काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. सूप येईपर्यंत टिकलो.
इंग्रिड म्हणाली, “आइनार, बॅलर्डमध्ये बूट तपकिरीच मिळतात. आणि जूनमध्ये सगळेच अलास्काला मासेमारीला जातात, या भागात पुरुष उरतो कुठे? एक पाद्री आणि एक न्हावी.”
मेव्हणा हसला. त्याने आयुष्यात कुणाचं मन मोडलेलं नाही, त्याला काय कळणार.
मग तिने हळूच विचारलं, “म्हणून तू लग्न केलं नाहीस?” मी म्हणालो, एका बाईचं आयुष्य उद्ध्वस्त करणाऱ्या माणसाला तो हक्क नसतो.
“उद्ध्वस्त? अरे, तिचा कॅलिफोर्नियात द्राक्षांचा मळा आहे!”
दुःख विसरायला माणसं काय काय करतात.

११ जून
आरशासमोर माफीचा सराव. फार लांबते. पण गाळणार काय? प्रत्येक वाक्य खरं आहे. एक प्रश्न सुटत नाही. ती रडली तर रुमाल द्यायचा का? देणं म्हणजे आशा दाखवणं. न देणं म्हणजे पुन्हा तेच क्रौर्य. शेवटी दोन रुमाल इस्त्री केले.

१२ जून
न्हाव्याने हसू नये म्हणून त्याला गंभीरपणे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “बाजूने जरा बारीक करू का?”

१६ जून
कॉलेजच्या लायब्ररीतल्या वर्ना लुंडीन भेटल्या. शनिवारी शेजारच्या फ्रीमाँटमधली उन्हाळ्याची मिरवणूक बघायला येणार का, म्हणाल्या. घरून सँडविच आणते, म्हणाल्या. मी सांगितलं, त्या दिवशी एक जुनं कर्तव्य आहे.
“तुमचं नेहमीच काहीतरी जुनं असतं,” असं म्हणून त्या गेल्या. छान आहेत. पण गाणं त्यांना ठाऊक नसावं.

२० जून, शनिवार, संध्याकाळी ५
साउंडचेकच्या वेळी मागच्या दाराने गेलो. दारात बँडमधली बेस गिटार वाजवणारी रीना. मला ओळखलं नाही. नजरेनेच मापून म्हणाली, “माफीवाले? तिकडे बाकावर बसा.”
बाकावर चार जण आधीच बसलेले. सगळे माझ्याच वयाचे, सगळ्यांची पोटं सुटलेली. एकाजवळ फुलं. एकाने चक्क बूट आणले होते. तपकिरी.
शेजारचा कुजबुजला, “तुम्हीसुद्धा निरोप न घेता?” मी मान हलवली. तो म्हणाला, “मी तर ती हाक मारत असताना गेलो.” मला ते जरा बढाईखोर वाटलं.
डेला आली. केस पांढरे झालेत. आमच्याकडे बघून कंबरेवर हात ठेवून हसली. “अरे देवा! या वेळी पाच. दर गावी आपलं असंच. बसा, बसा, कुणी उठू नका. गाण्यातला माणूस गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तो माझा बाप होता. गेला आणि तिकडेच राहिला. तुम्ही कुणी काही केलेलं नाही, राजांनो. घरी जा, पोराबाळांना वेळ द्या.”
कुणाच्याच चेहऱ्यावर सुटका दिसली नाही.
मग ती माझ्याकडे वळली. “तुम्ही स्पीकर उचलायचात का हो? एक पडला होता तुमच्या हातून, माझ्या पायावर?”
मी तोंड उघडणार तोच शेजारचा म्हणाला, “तो मी.”
दोघं खूप हसली. तिने त्याला पायाचा अंगठा दाखवला. अजून वाकडा आहे. मला त्या माणसाचा एवढा हेवा वाटला की कार्यक्रमाला न थांबता निघून आलो.

२१ जून, रविवार
कबूल करायला हवं : मी निर्दोष आहे. मोकळं वाटायला हवं होतं. अजून वाटलं नाही. कदाचित उद्या वाटेल.
आणखी कुणाचं मन आपण दुखावलं असेल, याचा दुपारपासून प्रामाणिकपणे विचार केला.
कुणी आठवलं नाही.