कंसातलं कलम

दि. ४ नोव्हेंबर

ताई,

वाकून नमस्कार. इथल्या खुर्च्यांनी कंबर धरली आहे, तरी वाकूनच. मी मजेत आहे, जेवणखाण ठीक आहे आणि तू विणलेला स्वेटर रोज घालते. सभागृहात एसी असा सोडलेला असतो की देशोदेशीचे वकील आणि इंजिनिअर हात चोळत बसलेले असतात.

तुझा फोन बंदच असतो, म्हणून कागदावर लिहिते आहे. आमचे साहेब दोन बैठकांमधल्या सुट्टीत घरी जाताहेत, ते हे पत्र पोचवतील आणि परत येताना तुझं उत्तर आणतील. फोन आणि इंटरनेटच्या जागतिक करारासाठी आलेली बाई बहिणीला चिठ्ठी धाडते, म्हणून इथे सगळे माझी खेचतात. मीही हसते.

ताई, काय जागा आहे गं ही! एका छपराखाली सगळं जग बसलंय. प्रत्येकाच्या कानात यंत्र, मागे काचेआड दुभाषे. कोणी विनोद केला की सगळे एकदम हसत नाहीत. आधी एक रांग हसते, मग दुसरी, ज्याची भाषा जशी पोचेल तशी. एकमेकांवर तोफा रोखलेले दोन देश अक्षरांच्या क्रमामुळे शेजारी आलेत आणि एकाच काचेच्या जगमधलं पाणी पितात. पहिल्या दिवशी मी बोलायचंच विसरले. मी! घरी सांगितलंस तर कोणाला खरं वाटणार नाही.

भांडतात कशावर, तर शब्दांवर. 'चालू ठेवावा' की 'चालू ठेवण्याचा प्रयत्न करावा', यावर सकाळपासून जेवणापर्यंत कीस पाडतात. ज्यावर एकमत नाही तो मजकूर चौकोनी कंसात घालतात. शिवण पक्की होईपर्यंत तू कापडाला टाचण्या लावून ठेवतेस ना, तसंच. ज्याला बोलायचंय त्याने देशाच्या नावाची पाटी उभी करायची. शेवटी अध्यक्षबाई विचारतात, "कोणाची हरकत?" सगळे गप्प राहिले की लाकडी हातोडा पडतो आणि कंस निघतात. इथे गप्प राहणं म्हणजे होकार. एवढीशी बाई, एवढासा हातोडा, आणि त्या ठोक्याबरोबर जगभरच्या फोनचा नियम ठरतो. दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

आपल्या घरात गप्प राहणं म्हणजे होकार कधीच नव्हता, नाही का?

तर एक कलम आहे. साधंच आहे. सरकारने कुठल्याही कारणाने फोन बंद केले, तरी रुग्णवाहिकेचा नंबर लागलाच पाहिजे. इतके दिवस ते कंसातच अडकलं होतं. समोरच्या रांगेत एक गृहस्थ बसतात, चष्मा नाकाच्या टोकावर. आम्ही त्यांना हेडमास्तर म्हणतो. या कलमाचा विषय निघाला रे निघाला की त्यांची पाटी उभी. "हा सुरक्षेचा प्रश्न आहे. यामुळे प्रत्यक्षात कोणाचं अडतं, हे अजून कोणी दाखवलेलं नाही."

स्वेटरबद्दल लिहून झालं, जेवणाबद्दल लिहून झालं. आता मुद्द्यावर यायला हवं.

काल मी आपली पाटी उभी केली. हातात आकड्यांचं टिपण होतं, ते वाचलं नाही. मी भावजींबद्दल सांगितलं. शहरात गडबड झाली म्हणून फोन बंद केले होते, भर दुपारी त्यांच्या छातीत कळ आली, माझी बहीण त्यांचं डोकं मांडीवर घेऊन नंबर लावत राहिली आणि तो लागला नाही. नावं घेतली नाहीत. पण सांगितलं. तुला न विचारता, परक्या माणसांसमोर. तू मलासुद्धा ते कधी धड सांगितलं नव्हतंस.

शेवटच्या दुभाष्याचा आवाज थांबला आणि मग कानातल्या यंत्रात काहीच ऐकू येईना. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, आणि पाटी आडवी केली. अध्यक्षबाईंनी हरकत विचारली. वाट पाहिली. हातोडा पडला. ताई, एवढे देश, एवढी माणसं, आणि सगळी आपल्या भावजींसाठी गप्प बसलेली! मला रडू आवरेना, आणि खोटं कशाला सांगू, ऊर भरूनही आला.

नंतर हेडमास्तर मला बाहेर गाठून मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "सुट्टीनंतरच्या मोठ्या सभेला आमचे मंत्री येणार. ते कंस परत घालायला लावतील. मी सांगून ऐकणार नाहीत. तुम्ही तिथे हेच सांगा."

मोठ्या सभेतलं सगळं नोंदलं जातं, छापलं जातं, कायमचं राहतं. तू नको म्हणालीस तर मी आकडे वाचेन, मग कलमाचं काय व्हायचं ते होवो. पण तू गप्प राहिलीस, तर मी होकार धरणार नाही.

वाट पाहणारी,
तुझी बडबडी


दि. ११ नोव्हेंबर

बडबडे,

आशीर्वाद. तुझे साहेब उत्तर न्यायला आलेत, त्यांचा चहा संपेपर्यंत लिहिते.

आधी रागच आला. पत्र मशीनच्या खणात टाकलं आणि एका फ्रॉकला उजवी बाही डावीकडे जोडून बसले. मग उसवत बसले.

तू सांगितलंस ते अर्धंच आहे. उरलेलं तुला ठाऊक नाही, कारण मी कोणालाच सांगितलं नाही. सगळं उरकल्यावर रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर घरी आला होता. त्यांची गाडी आपल्या घराजवळच्या पुलापलीकडेच उभी असते. दारातूनच म्हणाला, "बाई, गाडी तयार होती. मी फोनजवळच बसून होतो. लाइन बंद केल्याचं आम्हाला कोणी कळवलंच नाही. एकही फोन आला नाही, तर मला वाटलं, चला, आज शहरात सगळे बरे आहेत." बोलता बोलता तो दारातच रडायला लागला. मीच त्याला पाणी दिलं.

तुमच्याकडे गप्प म्हणजे होकार. त्याला वाटलं, गप्प म्हणजे खुशाली. त्या मंत्र्यांना हे सांग.

आणि ते 'माझ्या बहिणीचा नवरा' वगैरे नको. ह्यांचं नाव घे, आडनावासकट. छापलं जाऊ दे.

फोन कपाटातून काढलाय. चार्जिंगला लावलाय. तुझं बोलून झालं की कर.

मी उचलेन.

ताई