धावदोरा

१० फेब्रुवारी, मंगळवार
दुपारचे तीन, खोली क्रमांक दोनशे चौदा

प्रिय धाकटे मेहुणे,

वयाने लहान म्हणून आशीर्वाद आणि बायकोचा भाऊ म्हणून नमस्कार. यातलं जे लागू पडेल ते ठेवून घे, उरलेलं मुलांना वाटून टाक.

पत्रास कारण की, माझी एक तक्रार आहे आणि ती हंसांविरुद्ध आहे.

इथे रोज सकाळी खोली आवरायला एक बाई येतात. चादरी बदलतात, फुलं बदलतात आणि जाताना पलंगाच्या मधोमध टॉवेलांचे दोन हंस करून ठेवतात. चोचीला चोच, दोन मानांचा मिळून बदाम, खाली गुलाबाच्या पाकळ्या. पहिल्या दिवशी तुझ्या आईंनी आणि मी हे दृश्य दारातूनच पाहिलं. आई म्हणाल्या, "मास्तर, हे काय?" मी म्हणालो, "टॉवेल." त्यानंतर आम्ही दोघांनी बराच वेळ समुद्राकडे लक्ष दिलं.

हंसाला दूध आणि पाणी वेगळं करता येतं, असं मी तीस वर्षं वर्गात शिकवत आलो. या हंसांना नवरा-बायको आणि सासू-जावई एवढंसुद्धा वेगळं करता येत नाही. मी खाली कार्यालयात रीतसर लेखी तक्रार दिली. तिथल्या मुलीने ती फार गोड हसून घेतली. दुसऱ्या दिवशी हंस तेच, पाकळ्या मात्र दुप्पट.

आईंना या प्रकाराचं काहीच वाटत नाही. त्यांनी एक हंस हातात घेतला, उलटा केला, पोटाखालची घडी बघितली आणि म्हणाल्या, "बाईच्या हातात कसब आहे. नुसत्या दुमडीवर मान उभी केलीय." चाळीस वर्षं शिवणाचे वर्ग घेतलेल्या बाईला प्रेमाच्या प्रतीकात फक्त दुमड दिसते. मला वाटतं, दृष्टी म्हणावी तर हीच.

तू म्हणशील, भावोजी, एवढं कळवायला पत्र कशाला, फोन होता की. फोनवर तू "हो हो, भावोजी" म्हणतोस, मी "ठीक ठीक" म्हणतो आणि दोघेही सुटतो. कागदावर असं सुटता येत नाही. तू दिलेलं पाकीट माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे, आणि आईंना कायमचं तुझ्याकडे परदेशी नेण्याच्या त्या अर्जावर त्यांची सही घेऊन तो शुक्रवारपर्यंत तुला पाठवायचा आहे, हे मी विसरलेलो नाही. त्याकडे येतो. आधी इथली हकीकत.

हे हॉटेल तुझ्या ताईने निवडलेलं होतं, हे तुला ठाऊक आहे. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील तेव्हासाठी, दीड वर्ष आधी. इतक्या लांबचं आरक्षण का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "तुला तयारीला तेवढा वेळ लागेल." इथे अठरा वर्षांखालच्या कोणालाही प्रवेश नाही. मी तेव्हा चेष्टाही केली, की आपलं घर इतकी वर्षं केवळ प्रौढांसाठीच आहे, त्यासाठी समुद्राकाठी कशाला जायचं? ती हसली नाही. म्हणाली, "तिथे निदान कोणी विचारणार नाही, मुलं कुठायत म्हणून."

ती गेली त्याला परवा अकरा महिने होतील. आरक्षण रद्द करायचं पत्र मी तीनदा लिहिलं, अक्षर चांगलं आलं नाही म्हणून तीनदा फाडलं. शेवटी हॉटेलवाल्यांनी एक नाव बदलून देऊ म्हणून कळवलं. मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ठकूने ठरवलंय तर जाऊन येऊ." तुझ्या ताईला ठकू म्हणणारं आता या जगात एकच माणूस आहे.

तर आलो. पलंग आईंना, बाहेरच्या खोलीतला सोफा मला. नोंदणीच्या कागदावर 'सोबतच्या व्यक्तीशी नातं' अशी ओळ होती. पुढे पर्याय: पती, पत्नी, मित्र, अन्य. मी 'अन्य'वर खूण केली. हा शब्द मी जन्मभर संस्कृतच्या तासाला मुलांकडून चालवून घेतला, पण तो एक दिवस माझ्याच घरावर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

इथे सगळं समाविष्ट आहे. मनगटाला निळी पट्टी बांधतात, ती दाखवली की खाणं, पिणं, खुर्ची, छत्री, सगळं आपसूक समोर येतं. काही मागावं लागत नाही. आईंना हे मुळीच पटलेलं नाही. "मागायचंच नाही तर माणसाशी बोलायचं कशाबद्दल?" असा त्यांचा सवाल आहे. संध्याकाळी जेवताना वेटर आमच्या टेबलावर मेणबत्ती लावतो, आई रोज ती फुंकून विझवतात आणि त्याला सांगतात, "एवढे दिवे आहेत ना रे, मग हिला कशाला जाळतोस?" आजूबाजूची जोडपी दचकून बघतात. त्या वेळी पुरुषांनी कोट घालायचा असा नियम आहे, म्हणून मी सासूसमोर समारंभाच्या कोटात, विझलेल्या मेणबत्तीचा धूर घेत बसतो. लग्नात बसलो होतो तसाच. तेव्हाही त्या समोर होत्या आणि तेव्हाही मला काही बोलायला सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईंना हॉटेलच्या अंघोळीच्या झग्याचा खिसा उसवलेला दिसला. पर्समध्ये सुईदोरा असतोच. हंसवाल्या बाईंनी तो शिवलेला खिसा पाहिला, बोट फिरवलं आणि तिसऱ्या दिवशी चेन बिघडलेला स्वतःचा गणवेश घेऊन आल्या. चौथ्या दिवसापासून आई सकाळी नाश्ता करून तळघरात जातात. तिथे कपड्यांची मोठी खोली आहे, चादरींचे ढीग, इस्त्रीची वाफ, एक जुनं मशीन. दुपारी वर येतात तेव्हा चेहऱ्यावर तुझ्या ताईच्या लहानपणीच्या फोटोत असतो तसा उजेड असतो. काल मी म्हणालो, "आई, आपण इथे विश्रांतीला आलोय." त्या म्हणाल्या, "तुम्ही घ्या की. तुम्हाला जमतेय."

मला जमत नाही. मी खुर्चीत पडून लाटा मोजतो आणि तुझा अर्ज मनात वाचतो. तू लिहिलंयस, "आता आईचा भार तुमच्यावर कशाला." ते वाक्य मला नीट पाहायचं आहे, तुझ्या शब्दांना उत्तर द्यायचं तर शब्द समोर हवेत. थांब, कोट घेऊन येतो.

*

तोच दिवस, संध्याकाळचे साडेपाच

कोट कपाटात नव्हता.

कपाट, सोफा, बॅग, न्हाणीघर, सगळं पाहिलं. मग हंसही उचलून पाहिले. मग आठवलं, की काल जेवताना आई म्हणाल्या होत्या, "तुमच्या कोटाचं अस्तर लोंबतंय."

जिना उतरून तळघरात गेलो. आई मशीनपाशी नव्हत्या. खिडकीखाली स्टुलावर बसून हाताने शिवत होत्या, मांडीवर माझा कोट. समोर हंसवाल्या बाई चादरीच्या घड्या घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या सर. तुमच्या आईंनी आमची निम्मी खोली शिवून काढली."

मी दुरुस्ती केली नाही. आईंनीही केली नाही.

त्या म्हणाल्या, "मास्तर, आतला खिसा तळाशी फाटलाय. त्यातलं सगळं अस्तरात उतरलं होतं. एक खडू, बसची दोन तिकिटं आणि एक पाकीट. त्या पाकिटावर माझ्या मुलाचं अक्षर दिसलं, म्हणून वाचलं. दुसऱ्याचं वाचू नये, पण मला वाटलं, माझंच असेल."

हंसवाल्या बाईंना समज फार. त्या चादरींचा गठ्ठा घेऊन बाहेर गेल्या.

"बाकी सगळं भरलंय तुम्ही," आई म्हणाल्या. "माझी जन्मतारीख, माझी औषधं, माझ्या चष्म्याचा नंबरसुद्धा. मोत्यासारखं अक्षर. एकच ओळ कोरी ठेवलीय."

मला माहीत होतं कोणती. तूही पाहिली असशील. 'सध्या ज्यांच्याकडे वास्तव्य आहे, त्यांच्याशी नातं.'

"सुचलं नाही," मी म्हणालो.

"एवढं संस्कृत शिकलात ना?"

त्या चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी सुई ओढली, टाका टाकला आणि मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "पाच दिवस तुम्ही माझ्याकडे असे बघताय, की आता काहीतरी विचाराल. मीही वाट बघतेय. तो तिकडून ठरवतो, तुम्ही इकडून अर्ज भरता. मला कोणीतरी विचारेल की नाही?"

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं. आणि मी विचारलं, "चहा मागवू?"

"मागवा," त्या म्हणाल्या.

चहा झाल्यावर त्यांनी कोट माझ्या हातात दिला. अस्तर पुन्हा जागेवर होतं. दाबून पाहिलं तर आत कागद करकरला. मी त्यांच्याकडे बघितलं.

"जिथे सापडलं तिथेच ठेवलंय," त्या म्हणाल्या. "पक्कं नाही शिवलं. धावदोरा घातलाय, गाठ नाही मारली. एक टोक ओढलंत की सगळं मोकळं होईल. तुम्हाला काय करायचं ते ठरवा. पण ठरवायच्या आधी विचारा."

कोट आता या टेबलाच्या खुर्चीवर आहे. अस्तराच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याचं टोक बोटभर बाहेर सोडलंय. मुद्दाम सोडलंय, आईंच्या हातून दोरा चुकून लांब राहत नाही.

आता तुझ्या 'भारा'बद्दल. ते वाक्य मला समोर नसतानाही पाठ आहे, हे एव्हाना कळलं असेल.

तू चांगल्या मनाने लिहिलंस. तुझ्याकडे आईंची नातवंडं आहेत, अंगण आहे, बायको समजूतदार आहे. तू मुलगा आहेस. मी ज्या माणसामुळे त्यांच्याशी बांधलेला होतो ते माणूसच राहिलं नाही. कोणत्याही न्यायाने बघितलं तरी तुझी बाजू खरी ठरते, आणि मी ती मनापासून खरी धरून अर्ज भरला. एका ओळीपर्यंत.

पण एक गोष्ट तुला कोणी सांगितलेली नाही, कारण ती मलाही उशिरा कळली. ताई गेल्यानंतरचे तीन आठवडे मी शाळेतून यायचो आणि बूट न काढता पुढच्या खोलीत बसून राहायचो. अंधार पडला तरी. आई समोर मशीन घेऊन बसायच्या आणि शिवत राहायच्या, तासन्‌तास. मला वाटायचं, कोणाचं तरी काम हातात असेल. त्या आवाजावर मी कधीतरी उठायचो, बूट काढायचो, जेवायचो. एके दिवशी सहज जवळ जाऊन बघितलं. मशीन चालू होतं. खाली कापड होतं. दोरा नव्हता. नुसती सुई वर-खाली होत होती, घरात आवाज राहावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी घरी आल्याबरोबर मी बूट काढले. आईंनी मशीनवर झाकण घातलं.

तेव्हा भार कोणाचा कोणावर, ते तूच ठरव.

शुक्रवारी तुला अर्ज मिळणार नाही. माझ्यावर रागाव, ते रास्त आहे. आज संध्याकाळी जेवताना, मेणबत्ती विझवून झाली की मी आईंना विचारणार आहे: तुम्हाला कुठे राहायचं आहे? या वेळी चहा नाही. तूही त्यांना फोन कर आणि हेच विचार. ये म्हणू नकोस, विचार. त्या जाते म्हणाल्या तर मी स्वतः दोरा ओढीन, कोऱ्या ओळीत 'जावई' लिहीन, सही घेईन आणि विमानात बसवून देईन. त्यात माझ्याकडून कसूर होणार नाही.

इतकी पानं मी हंसांवर, मेणबत्तीवर आणि तुझ्या एका शब्दावर घालवली. आईंना तिकडची हवा सोसेल का, तिकडे करमेल का, गुडघ्यांचं काय, असं बरंच लिहून तुला अडवता आलं असतं. तसं एक पान लिहिलंही होतं, ते फाडलं. त्यांची काळजी मला नाही. त्या तळघरातही पाच दिवसांत घर करतात.

मला भीती वाटते ती त्या 'जाते' म्हणतील याची. मग त्या घरात मी एकटा असेन, आणि बूट काढायला मला काही कारण उरणार नाही.

अजून तरी तुझाच,
भावोजी