देवघरातली फूजी

सोम. १० नोव्हें.
देव पुसायला घेतले तर बाळकृष्णाशेजारी काळा, भोकाभोकांचा दगड. वर हळदकुंकू. सासूबाईंना विचारलं. "फूजीचा गं. बस थांबली तिथून घेतला, पदरात." आम्ही सगळे जपानहून येऊन महिना होत आला, बाई एक अक्षर बोलल्या नाहीत! तिथला खडाही उचलायचा नाही, कायदा आहे, असं गाइडने बजावलं होतं.

बुध. १२
दगड देवघरातून काढा म्हटलं, सासूबाई ऐकत नाहीत. "त्याच गाइडने सांगितलं ना, डोंगरावर देवी आहे. जागतिक वारशाच्या यादीत घेतला तोही लोक पुजतात म्हणून. मग मी पुजलं तर काय बिघडलं?" मिहिका म्हणाली, "आजी, इट्स स्टीलिंग." आजी उठून देवघरापुढे जाऊन बसल्या.

शुक्र. १४
उद्या अनिकेतचे जपानी साहेब जेवायला. याने हौसेने त्यांना फूजीचे फोटो दाखवले, वर आमंत्रण देऊन बसला. कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल त्यांच्याच हातात. नाही झालं तर इथला, आखातातला व्हिसा खलास. मिहिकाची शाळा, खलिफा सिटीतलं हे घर, सगळंच. आणि देवघर नेमकं जेवणाच्या टेबलासमोर. अनिकेत म्हणतो, "आईशी वाद नको. तू फक्त एक दिवस बाजूला ठेव ना." म्हणजे वाईट मीच.

शनि. १५, दुपार
सासूबाई खाली फिरायला गेल्यावर दगड उचलला. रुमालात गुंडाळून नॅपकिनच्या खणात ठेवला. मसालेभात झालाय. भरली वांगी, तिखट बेताचं. देवा, आजचा दिवस निभाव.

रवि. १६
काल लिहायचं त्राण नव्हतं.
साहेब दारात आणि देवघरात दगड नाही हे सासूबाईंना तेव्हाच कळलं. ओरडल्या नाहीत. खोलीत जाऊन दार लावलं, जेवायलाही येईनात. साहेबांनी विचारलं, "मदर?" अनिकेत म्हणाला, "शी इज टायर्ड." लगेच मिहिका, "नो, शी इज क्राइंग."
माझ्या हातातला डाव हातातच. मग काय झालं कोण जाणे, खण उघडला आणि दगड सगळ्यांदेखत देवघरात नेऊन ठेवला. अनिकेतचा चेहरा पांढराफटक.
साहेब उठून आले. "फूजी-सान?"
मी मान हलवली. ते कुंकवाकडे बघत राहिले. मग कमरेतून वाकले. आमच्याकडे वळले तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हतं. "दिस शुड गो होम."
मी सासूबाईंना बोलावून सांगितलं. डोळे पुसत बाहेर आल्या, साहेबांना स्वतः भात वाढला. मग मला म्हणाल्या, "त्यांना सांग, न्या तिला. पण ओटी भरल्याशिवाय नाही पाठवायची मी." ओटी इंग्लिशमध्ये कशी सांगायची? नारळ, ब्लाउजपीस, काय काय बोलले. साहेब एवढंच म्हणाले, "डिसेंबर, आय गो जपान. आय विल कम."

मंगळ. १८
ऑफिसात साहेब नेहमीसारखे. रागावलेत की नाही, अनिकेतला काही कळत नाही. रिन्यूअलचं विचारलं तर एचआरवाला म्हणे, "इन्शाल्ला, हबीबी."
सासूबाईंनी हिरवा खण इस्त्री करून ठेवलाय. मिहिकाने नारळाला डोळे काढलेत.
सकाळी देव पुसताना तिला आधी पुसलं. हात जोडले. रिन्यूअल होऊ दे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण जिला आपण उचलून आणलं, तिच्याकडे कुठल्या तोंडाने मागायचं?