दोघांच्या सहीचं पत्र

जर्मनीच्या सीमेवर कुठेतरी,
१० नोव्हेंबर १९४४

ती. आई-बाबांस वर्लिन आणि डेल यांचा सा. न. वि. वि.

नेहमीप्रमाणे पत्र मी लिहितोय आणि डेल फक्त सही करणार आहे. त्याचं म्हणणं असं, की दोघांना आई एकच, मग पत्रं दोन कशाला? खरं कारण आळस. लहानपणी धाकटा म्हणून सुटायचा, इथेही तेच चाललंय.

मोजे पोचले. हे पत्र तपासणारा लेफ्टनंट म्हणजे आपला लॉफ्टसच, हार्डवेअरच्या दुकानदाराचा मुलगा. तेव्हा मोज्यांच्या रंगाबद्दल मी काही लिहीत नाही, गावभर होईल.

दर सोमवारी कवायतीच्या हॉलमध्ये बास्केटबॉल खेळायला मिळेल म्हणून आम्ही नॅशनल गार्डच्या गावच्या तुकडीत नाव घातलं, आणि कुठे येऊन पोचलो बघा. आधी लुइझियानाचा चिखल, मग इंग्लंडचा पाऊस, नॉर्मंडीतली ती कुंपणं, आणि आता हे जंगल. कंपनी म्हणायची आपल्या गावची, पण गावचे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. बाकीचे भरतीला आलेले नवे. त्यांची नावं पाठ होईपर्यंत ते राहत नाहीत, म्हणून डेल त्यांना 'ए टेक्सास', 'ए ब्रुकलिन' अशाच हाका मारतो.

आर्डिसला म्हणावं, टेलिफोन एक्सचेंजवर बसून लोकांची बोलणी ऐकू नकोस. लोभ आहेच, तो पार्सलातून दिसू द्या.

तुमचे,
वर्लिन
डेल


४ डिसेंबर १९४४

ती. आईस सा. न. वि. वि.

आम्ही ठीक आहोत. आमच्या डिव्हिजनला जंगलातून बाहेर काढलंय. एका शाळेत झोपतो. कोरडं आहे. गरम पाण्यानं अंघोळ झाली, नवे कपडे मिळाले. पुष्कळ नवी माणसं आली आहेत.

लिहिण्यासारखं काही नाही. बाबांचा मका काढून झाला का, कळव. लोभ असू दे.

वर्लिन
डेल


हॅडली, आयोवा,
२७ डिसेंबर १९४४

प्रिय वर्लिन, बहीण आर्डिसचा नमस्कार.

चौदा तारखेला तार आली. स्टेशनमास्तर स्वतः घेऊन आले. टोपी हातात धरून पायरीवर उभे राहिले, तेव्हाच आम्ही समजलो. डेल तेवीस नोव्हेंबरला लढाईत मारला गेला, असं तारेत होतं. आईनं तार वाचली, घडी करून कपाटात ठेवली आणि पावाचं पीठ मळायला घेतलं. त्यानंतर चार दिवसांनी तुमचं पत्र आलं. चार डिसेंबरचं. खाली तुझं नाव, त्याच्याखाली डेलचं.

तेव्हापासून आई ते पत्र घेऊन गावभर फिरते आहे. मेलेला माणूस पुढच्या महिन्यात सही कशी करतो, असं तिनं स्टेशनमास्तरांना विचारलं. पाद्रीबाबांना तिनं प्रार्थना म्हणू दिली नाही. तुम्ही दोघं लढाईवर आहात म्हणून खिडकीतल्या झेंड्यावर दोन निळे तारे आहेत. गेलेल्याचा तारा सोनेरी करतात, म्हणून चर्चच्या बायका डेलच्या ताऱ्यावर शिवायला सोनेरी कापड घेऊन आल्या होत्या. आईनं त्यांना कॉफी पाजली आणि कापडासकट परत पाठवलं. काल तिनं त्याच्यासाठी केक भाजून डब्यात बंद केला.

सही तुझ्या हातची आहे, वर्लिन. मला पहिल्याच नजरेत कळलं. तिला कळत नाही, की कळून घ्यायचं नाही, देव जाणे. मी एकदा सांगून पाहिलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबा दूध काढून झालं तरी गोठ्यातच बसून राहतात. आता तूच तिला लिही. दुसऱ्या कुणाचं ती ऐकायची नाही.

मी तुझ्यावर रागावलेले नाही. एवढं खोटं मलाही लिहिता येतं. सांभाळून राहा.

आर्डिस


१२ जानेवारी १९४५

ती. आईस सा. न. वि. वि.

तार खरी आहे. सही मी केली.

घरी सरकारी तार पोचेपर्यंत मेलेल्याबद्दल लिहायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. पण त्याचं नाव लिही असं काही नियम सांगत नाही. पत्र संपवलं, माझं नाव लिहिलं, खाली त्याची जागा रिकामी दिसली. ती भरली. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

लॉफ्टस असता तर त्यानं ते पत्र अडवलं असतं. त्याला आदल्याच आठवड्यात जखमी म्हणून नेलं. नवा लेफ्टनंट ओहायोचा आहे. डेल कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. आता कंपनीत ते फारसं कुणालाच ठाऊक नाही.

मी त्याच्याजवळ होतो. तोफगोळे झाडांच्या शेंड्यांवर फुटतात आणि सगळं वरून खाली येतं. लगेच झालं. मला रडू आलेलं नाही. जेवतो, झोपतो, सांगतील ते करतो. आर्डिसला बोलू नकोस, तिचं बरोबर होतं. तारा शिवून टाक.

लोभ मागायचा मला अधिकार नाही, तरी मागतो.

वर्लिन


हॅडली,
११ फेब्रुवारी १९४५

चि. वर्लिन यास आईचे आशीर्वाद.

तारा शिवला. बायकांना बोलावलं नाही, माझी मीच शिवला.

तू केलंस ते मला मुळीच आवडलेलं नाही. पण जवळजवळ दोन महिने मी त्या सहीवर काढले आणि ते बरे गेले, हेही सांगते. आता मात्र मला गोंजारू नकोस. लगेच झालं, असं सगळ्यांच्याच आयांना कळवतात. पीटरसनबाईंना त्यांच्या मुलाबद्दल आलेल्या पत्रातही तेच वाक्य आहे. म्हणून ते मी विचारत नाही.

डेल गेला तो दिवस थँक्सगिव्हिंगच्या सणाचा होता. आम्ही इथे टेबलाभोवती बसलो होतो. आघाडीवरच्या प्रत्येक पोराच्या ताटात आज टर्की पडणार, असं पेपरात आलं होतं. बाबांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग आम्ही जेवायला लागलो. तेव्हा मला एवढंच सांग, डेल जेवला होता का? नसेल तर तसं लिही. पुन्हा फसवलंस, तर तुझं एकही पत्र मी उघडणार नाही.

जपून राहा. माया आहे म्हणूनच विचारते.

तुझी आई


जर्मनीत कुठेतरी,
९ मार्च १९४५

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून खिशात आहे. तीनदा उत्तर लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा 'हो' लिहून फाडलं.

डेल जेवला नाही. तो सकाळीच गेला. त्याआधी फक्त कॉफी मिळाली होती, तीही गार. टर्की येणार हे आम्हाला सांगितलेलं होतं. तंगडी कुणाला, यावरून आदल्या दिवशी तो टेक्सासवाल्याशी भांडत होता. तो टेक्सासवालाही गेला.

जेवण अंधार पडल्यावर आघाडीवर आलं. स्वयंपाक्यांनी सकाळच्या माणसांच्या बेतानं रांधलं होतं आणि संध्याकाळी आम्ही थोडेच उरलो होतो. डबे तसेच भरलेले. परत न्यायचे नाहीत म्हणून त्यांनी प्रत्येकाला दोघांचं वाढलं. टर्की, बटाटे, क्रॅनबेरीची चटणी. सगळं गरम होतं. मी दोघांचं जेवलो. कुणी आग्रह केला नव्हता.

तू खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो. मला चव लागली, आई. आता लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.

वर्लिन