पन्नासातली जिवंत

१४ सप्टेंबर

आज दादाने जेवणाच्या टेबलावर बियाण्याच्या दुकानातलं गुळगुळीत माहितीपत्रक पसरलं आणि मला गहू शिकवला. मला! बाबा गेल्यापासून बावीस हिवाळे मी या बर्फाच्या मुलखात गहू पेरतेय. आणि हा माणूस, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळांचे नकाशे काढून रिटायर झालेला, बोट नाचवत सांगतो, "बारके, शरद ऋतूत पेरायचं म्हणजे सगळा खेळ वेळेचा असतो." चोपन्न वर्षांची आहे मी. बारके!

त्याला नवा वाण हवाय. उंच, भरघोस, फोटोत तरी. माझा वाण बुटका, उतारा बेताचा, पण उघड्या जमिनीवर हाडं गोठवणारी थंडी पडली तरी टिकतो. "म्हणजे नुसता टिकतो," दादा म्हणाला. वहिनी हसली. वहिनीने आल्यापासून स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलीय. मिठाच्या डब्यावर 'मीठ'. चाळीस वर्षं त्या डब्यात मीठच आहे!

१६ सप्टेंबर

दादाच्या पोटातलं ओठावर आलं एकदाचं. सगळी जमीन एका मोठ्या कंपनीला कराराने द्यायची म्हणतो. दहा वर्षांसाठी. "तुलाही आराम." बाबांनी शेत दोघांच्या नावावर ठेवलं, म्हणून एकट्याला काही करता येत नाही. नाहीतर विचारलंही नसतं. हा एकोणिसाव्या वर्षी गेला, साठाव्या वर्षी उगवला. मधली चाळीस वर्षं कोण राबलं? आता मी खिडकीत बसून परक्यांचे ट्रॅक्टर मोजायचे!

मी म्हटलं, त्यापेक्षा मला आत्ताच पुरा.

"नाटकं करू नकोस," दादा म्हणाला.

१७ सप्टेंबर

ठरलं. वरचं शेत त्याचं, खालचं माझं. माती एकच, उतार एकच, मध्ये फक्त रस्ता. दोघांनी गहूच पेरायचा, वाण आणि वेळ ज्याची त्याची. मार्चमध्ये ज्याची रोपं जास्त जिवंत निघतील त्याच्या हातात सगळा कारभार. दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही.

तपासायची पद्धत बाबांची. हिवाळ्यानंतर सगळाच गहू मेल्यासारखा तपकिरी दिसतो, नुसतं बघून काही कळत नाही. म्हणून शेतात फिरून पन्नास रोपं उपटायची, पानं छाटायची, मुळं छाटायची, उरलेला खुंट ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवायचा. आठ दिवसांनी फडकं उघडायचं. जिवंत असेल त्याला पांढरी मुळं फुटलेली असतात, मेलेलं असेल ते मऊ पडतं. पन्नासातली निम्मीही जगली नसतील तर ते शेत नांगरून टाकायचं आणि मार्चमध्ये बार्ली पेरायची. आणि स्वतःची रोपं स्वतः तपासायची नाहीत. त्या बाबतीत मी खोटं बोलतो, असं बाबा उघड सांगायचे. तेव्हा माझी दादा तपासणार, त्याची मी. दोघांनी आकडा कागदावर लिहायचा आणि कागद एकाच वेळी उघडायचे.

वहिनीने सगळं समास सोडून वळणदार अक्षरात लिहून घेतलं. सह्या झाल्या.

१९ सप्टेंबर

दादा आज पेरतोय. इतक्या लवकर! हवा अजून कोमट, मावा पडायचा सगळ्या पिकावर. पडू दे.

आणि एक गंमत. आमच्या पेरणी यंत्राची खोलीची मूठ खोटं बोलते. काटा दोन बोटांवर असला तरी बी चार बोटं खाली जातं. दरवर्षी मी मूठ चार वेढे मागे घेते. हे मला माहीत, मिस्त्रीला माहीत. मिस्त्री ग्रीस भरायला आला होता. हळूच म्हणाला, "दादांना सांगितलंत ना मुठीचं?"

मी म्हटलं, "ते साहेब आहेत. साहेबांना सगळं कळतं."

मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिला. त्याचं तोंड बघून माझा चहा कडू झाला, पण मी सांगितलं नाही. नाहीच सांगितलं!

२९ सप्टेंबर

दहा दिवस झाले, वरच्या शेतात एक पातं नाही. दादा सकाळ-संध्याकाळ जाऊन गुडघ्यावर बसतो, माती उकरतो. कालपासून माहितीपत्रक टेबलावर दिसत नाही. मी आज दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

४ ऑक्टोबर

उगवलं.

सगळं. रांगच्या रांग. सरळ!

५ ऑक्टोबर

आज जाऊन उकरून पाहिलं. पाऊस नाही महिनाभर. वरची माती राख झालीय, पण चार बोटांवर ओल आहे. त्याचं बी बरोबर ओलीत जाऊन पडलं. माझ्या गप्प बसण्याने त्याचं भलं केलं! अंगाचा नुसता तिळपापड झाला. येताना रस्त्यात दादा भेटला. म्हणाला, "बघितलंस? वेळ!" वेळ म्हणे.

१२ ऑक्टोबर

मी पेरलं. माझ्या वेळेला, थंडी धरल्यावर, मावा मेल्यावर, दरवर्षीसारखं. मिस्त्री म्हणाला, "बाई, यंदा मूठ राहू दे तशीच. चार बोटं जाऊ दे. ओल तिथे आहे."

मला दिसत नव्हतं का? मीच तर उकरलं होतं. पण चार बोटं म्हणजे दादाची चूक. त्याची चूक मी करायची? मी मूठ चार वेढे मागे घेतली. बावीस वर्षांत दोन बोटांच्या खाली गेले नाही, यंदाही जाणार नाही. पाऊस येईल.

२० ऑक्टोबर

पाऊस नाही.

२ नोव्हेंबर

नाही. माझं बी धुळीत पडलंय, पुडीत होतं तसंच. दादाच्या गव्हाला तीन-तीन फुटवे आलेत. हिवाळ्याआधी फुटवे हवेतच, त्यावरच रोप थंडी काढतं. मावासुद्धा पडला नाही त्याच्यावर! इतकं नशीब एखाद्याला कसं असतं? वहिनी जेवताना म्हणाली, "वन्सं, तुमचं अजून दिसत नाही?" अगदी मऊ आवाजात. मी म्हटलं, चिठ्ठी लावा त्याला, 'गहू' म्हणून. म्हणजे दिसेल.

दादा ठसका लागेपर्यंत हसला. मला त्याचा तोही राग आला.

९ नोव्हेंबर

काल पाऊस. बोटभर. फार उशीर झालाय.

२१ नोव्हेंबर

उगवलं माझं. एकेक पातं, सुईएवढं. आज पहाटे बादलीतलं पाणी गोठलेलं होतं.

१८ डिसेंबर

बर्फ नाही. बर्फाचं पांघरूण असतं तर कोवळंही निभावून जातं. यंदा उघड्या जमिनीवर वारा. पाय टाकला की माती काचेसारखी वाजते. माझा वाण टिकाऊ आहे, टिकाऊ आहे, असं मी दिवसभर म्हणते. पण टिकायला आधी वाढलेलं असावं लागतं. हे मी याच तोंडाने किती जणांना सांगितलंय! किती लोकांना अक्कल शिकवलीय!

७ जानेवारी

दादाने माझ्या खोलीतला हीटर दुरुस्त केला. मी सांगितलं नव्हतं. आत येऊन, पाना घेऊन, तासभर उकिडवा बसून केला. जाताना म्हणाला, "असा किती वर्षं चालवतेस?" मी म्हटलं, "तू नव्हतास तेव्हापासून." तो पाना उचलून गेला. बरं वाटलं मला. लिहून ठेवते, बरं वाटलं.

२ फेब्रुवारी

चहा घेताना दादाने अचानक विचारलं, "समजा माझं जास्त निघालं. तू काय करशील?"

"जाईन."

"कुठे?"

"कुठेही. परक्यांच्या ट्रॅक्टरला हात दाखवत खिडकीत बसणार नाही."

"मी तुला हाकलतोय का?"

"हाकलायला तू इथे होतास कधी?"

त्याने कप अर्धा सोडला. नंतर वहिनी मागच्या दारात आली. कपडे काढत होते मी दोरीवरून, थंडीने पुठ्ठ्यासारखे झालेले. म्हणाली, "वन्सं, तुम्ही खरंच जाल?" मी म्हटलं, तुमच्या चिठ्ठ्यांना जागा होईल. तिच्या डोळ्यात पाणी आलं. आता रडण्यासारखं काय बोलले मी? रडायचं तर मी रडावं.

२७ फेब्रुवारी

दोन्ही शेतं तपकिरी. रस्त्यावर उभं राहिलं तर डावं-उजवं सारखंच, जळक्या गवतासारखं. त्याच्या मोठ्या रोपांचीही पानं करपलीत. म्हणजे काहीही असू शकतं! छातीत धडधडलं. किती महिन्यांनी धडधडलं.

१ मार्च

दोघांनी एकमेकांच्या शेतातून पन्नास-पन्नास रोपं आणली. दादाने माझी त्याच्या खोलीत ठेवली, मी त्याची माझ्या हीटरजवळ. दार बंद, कुणी कुणाच्या खोलीत जायचं नाही.

आणि मी अजून एक केलं. दुपारी दादा गावात गेल्यावर खालच्या शेतातून स्वतःची पन्नास उपटली. बाबांचा नियम मोडला. दादाची लाल फडक्यात आहेत, माझी निळ्या. शेजारी शेजारी.

५ मार्च

उघडून बघायचं नाही आठ दिवस. बघितलं नाही. हात मात्र दहादा त्या फडक्यांवर ठेवला. दोन्ही सारखीच उबदार.

९ मार्च

लाल: पन्नासात एकेचाळीस. पांढरीशुभ्र मुळं, बोटाच्या पेराएवढी, काहींना पाच-पाच. इतका सुंदर गहू मी स्वतः कधी हिवाळ्यातून काढला नाही.

निळं: सहा.

सहा! बाकीची बोटात धरली की पाणी सुटतं. मी तीनदा मोजली. खोटं बोलायलासुद्धा काही उरलं नाही.

दादा माझे सहाच लिहील. नकाशावाला माणूस, अर्धा इंच कधी चुकला नाही. म्हणजे मला काय लिहावं लागेल?

१० मार्च, सकाळ

लिहिलं. 'चार'.

एकेचाळीसच्या जागी चार. दोघांचीही निम्म्याच्या खाली, म्हणजे दोन्ही शेतं नांगरली जातील. वरचं हिरवं व्हायच्या आधी मातीआड होईल, मग कोण विचारतंय? सहा मोठे की चार? सहा. कारभार माझा.

जिवंत गहू नांगरायचा. बावीस वर्षांत केलं नाही असं. पण त्याने माझी चाळीस वर्षं नांगरायला काढली होती, त्याचं काय? लाल फडकं चुलीत घातलं, खुंटांसकट. ओलं होतं, पेटायला वेळ लागला.

आज जेवणानंतर कागद उघडायचे. मिस्त्रीला नांगर घेऊन बोलावून ठेवलंय. दादानेच बोलावलं, "निकाल लागला की लगेच लागायचं" म्हणाला. उत्साह बघा!

१० मार्च, दुपार

माझ्या कागदावर त्याचे चार.

त्याच्या कागदावर माझे त्रेचाळीस. सहाचे त्रेचाळीस!

त्याने स्वतःच्या चाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेतकऱ्याचा मुलगा आहे तो, मुळं त्यालाही ओळखता येतात. म्हणाला, "जिंकलीस, बारके. आता कुठे जायचं नाही." आणि बूट घालून बाहेर गेला, मिस्त्रीला सांगायला, की वरचं शेत नांगर.

हरामखोर! चाळीस वर्षं नव्हता तो नव्हताच, आणि आला तर मला धड जिंकूही दिलं नाही.

ट्रॅक्टर सुरू झाला. वरच्या शेतापर्यंत पळत सात मिनिटं लागतात, आणि मी इथे लिहीत बसलेय.